कोर्ट उठेपर्यंत

गल्लीत तिला सगळे काचताई म्हणत. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, केस मागं घट्ट आवळलेले, आणि दोन्ही हातांच्या बोटांवर जुन्या जखमांच्या बारीक पांढऱ्या रेघा. वडील अचानक गेले तेव्हा ती नुकती कॉलेजात जायला लागली होती आणि धाकटा भाऊ शाळेत दप्तर हरवून यायच्या वयाचा होता. वडिलांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, तसबिरी, कपाटांची सरकती दारं. शहाण्या नातेवाइकांनी दुकान विकायचा सल्ला दिला. हिनं कॉलेज सोडलं, वडिलांची काच कापायची हिऱ्याची कणी हातात घेतली आणि पहिल्याच आठवड्यात इतका माल वाया घालवला की आई म्हणाली, "अगं, एवढ्या काचा तर गल्लीतली पोरं चेंडू मारूनही फोडत नाहीत." पण हळूहळू हात बसला. पुढं तर कणी ओढल्याच्या नुसत्या आवाजावरून तिला कळायचं, ही काच रेघेवर सरळ सुटणार की ऐन वेळी दगा देणार.

लग्नाचं राहून गेलं. विचारणारे होते. पण एकदा धाकट्याची परीक्षा होती, एकदा आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, आणि नंतर विचारणारेच आजोबा झाले. याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही, कारण दुकानाच्या दारात आई होती. आईची एक लाकडी खुर्ची होती. खुर्चीचे हात एवढे रुंद की त्यावर चहाचा कप ठेवला तरी कलंडायचा नाही. दोन्ही मुलांना आईनं त्याच खुर्चीत बसून पाजलं होतं, निजवलं होतं, रागावलं होतं. म्हातारपणी ती खुर्ची दुकानाच्या तोंडाशी टाकून बसायची आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी तब्येत विचारायची, मग माप. "माप मोजून आणलंय की अंदाजपंचे?" असं तिनं विचारलं की निम्मी गिऱ्हाइकं मुकाट घरी जायची आणि मोजून यायची. आत काचताई काच कापत असायची, बाहेर आई बोलत असायची. मायलेकींचं एकमेकींशी दिवसभरात धड बोलणंही होत नसे, आणि तरी दिवस कसा भरल्यासारखा असायचा.

धाकटा शिकला, कचेरीत लागला, त्याचं लग्न झालं, मुलं झाली. दुकानामागच्या दोन खोल्यांत माणसं मावेनात. शेवटी त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बैठं घर घेतलं. त्या घराच्या सगळ्या काचा ताईनं स्वतः बसवल्या, मोठ्या हौसेनं, एकेक तावदान उजेडात धरून निवडून. सामान हलायची वेळ आली तसा धाकटा म्हणाला, "ताई, तूही चल की. दुकान आता पुरे झालं."

"आणि दुकान बंद करून तुमच्याकडे काय करू? भांडी पुसू?"

"मी असं म्हटलं का?"

शब्दाला शब्द लागला. भावजय सहसा मध्ये पडायची नाही, पण त्या दिवशी ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा, वन्सं. पण आईंना काचेच्या तुकड्यांत अजून किती दिवस ठेवायचं?" ते काचताईच्या जिव्हारी लागलं. मग सगळे आईकडे बघायला लागले. आई खुर्चीतच होती. तिनं दोन्ही लेकरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "नातवंडं तिकडे आहेत ना." बस्स, एवढंच. टेम्पोत सगळ्यात शेवटी खुर्ची चढली.

त्यानंतर काचताई दर रविवारी भावाच्या घरी जायची, पाहुणी म्हणून. ट्रेमधून पाणी यायचं. आई खिडकीशी बसलेली असायची, ती विचारायची, "धंदा कसाय?" ही म्हणायची, "बराय." बोलायचं पुष्कळ असायचं, पण भावाच्या बैठकीत पाय जुळवून बसलं की सगळं घशातच राहायचं. परतीच्या बसमध्ये मात्र ती मनातल्या मनात आईशी घरापर्यंत बोलत यायची. आणि एका वाक्याची वाट बघायची. आईनं एकदा, एकदाच म्हणावं, "मला थोडे दिवस तुझ्याकडे ने." आई म्हणाली नाही. वर्षांमागून वर्षं गेली, आणि एका हिवाळ्यात आई झोपेतच गेली.

रविवार मोकळे झाले. इतके मोकळे की त्यांचं काय करायचं हे तिला कळेना.

काही महिन्यांनी तिनं भावाच्या घरी फोन केला. फोन भावजयीनं उचलला. काचताईनं इकडचं तिकडचं विचारून शेवटी म्हटलं, "आईच्या खुर्चीचं काय केलं?" भावजय म्हणाली, "अजून काही ठरलं नाही. घराला रंग द्यायचाय. ठरलं की सांगू." साधंच उत्तर होतं. पण काचताईनं ते मनात घोळवून घोळवून असं धारदार केलं की तिचं तिलाच लागायला लागलं. ठरलं की सांगू! म्हणजे ठरवणार त्या, आणि आपण नुसतं ऐकायचं.

एका दुपारी भावाच्या घराजवळच्या दवाखान्यात ती काच बसवायला गेली होती. काम लवकर आटपलं. मनात आलं, जावं आणि तोंडावर मागावं. गेली, तर दाराला कुलूप. थोडा वेळ पायरीवर बसली. मग घराला वळसा घालून मागं गेली आणि खिडकीतून आत डोकावली.

आत रंगकामाची तयारी होती. सगळं सामान एका कोपऱ्यात रचलं होतं, आणि सगळ्यात वर, टेबलावर, आईची खुर्ची उलटी ठेवली होती. चारही पाय वर. त्यांना जुनी वर्तमानपत्रं गुंडाळलेली.

पुढं वकीलबाईंनी तिला कितीदा तरी विचारलं की त्या वेळी तुमच्या डोक्यात नेमकं काय होतं. तिला सांगता आलं नाही. तिला एवढंच आठवत होतं, की आईला कुणीतरी उलटं टांगलंय असं वाटलं आणि हात आपोआप हत्यारांच्या पिशवीत गेला. मागच्या खिडकीला गज नव्हते. "मागं कोण येतंय," असं धाकटाच काचा बसवताना म्हणाला होता. काचेभोवती भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, तिनं पटाशीनं खरवडली, बारीक खिळे उपसले, तावदान अलगद काढून भिंतीला टेकवलं आणि ती आत चढली. गुडघा सोलवटला. खुर्ची उतरवली, मागचं दार आतून उघडून बाहेर ठेवली. मग तिनं दार पुन्हा आतून लावलं, खिडकीतून बाहेर आली आणि तावदान जागच्या जागी बसवलं. नवी लांबी भरली, अंगठ्यानं दाबून गुळगुळीत केली, आणि शेवटी फडक्यानं काच लख्ख पुसली. पलीकडच्या घराच्या गच्चीवर एक शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिनं हे सगळं पाहिलं आणि पोलिसांना फोन लावला.

खुर्ची भलतीच जड होती. एका टेम्पोवाल्यानं, "बाई, हिच्यात तुम्ही बसणार की ही तुमच्यात?" असं म्हणून गाडी पुढं काढली. मग तिनं ती डोक्यावर घेतली. लोक वळून बघत होते. मोठ्या रस्त्यापर्यंत कशीबशी आली आणि मान अवघडली म्हणून एका झाडाच्या सावलीत, फुटपाथवर, तिनं खुर्ची खाली ठेवली. क्षणभर उभीच राहिली. लहानपणानंतर त्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. ती आईची जागा. मग बसली. दोन्ही हात खुर्चीच्या रुंद हातांवर टेकले. तिथलं लाकूड आईच्या तळव्यांनी झिजून मऊ झालं होतं. समोरून गाड्या जात होत्या, माणसं जात होती, आणि काचताईनं डोळे मिटून घेतले.

"बाई, खुर्ची कुणाची?"

डोळे उघडले तर समोर पोलीस.

"आईची."

"आई कुठंय?"

"नाही," ती म्हणाली.

पोलीस ठाण्यात बाकडं भरलेलं होतं, म्हणून तिला तिच्याच खुर्चीवर बसायला सांगितलं. तासाभरात धाकटा आणि भावजय धावतपळत आले. घरात चोर शिरला, एवढंच त्यांना कळलं होतं. "कुठंय तो?" असं विचारत धाकटा आत शिरला आणि जागीच थिजला.

"ताई?"

ठाण्यातला साहेब समजूतदार होता. म्हणाला, "घरचंच प्रकरण दिसतंय. तक्रार द्यायचीय का नाही ते बोला, आणि मिटवा." आणि ते तिथंच मिटलंही असतं. पण भावजय तोंडावर हात ठेवून म्हणाली, "खिडकीतून? वन्सं, असं घर फोडून..."

काचताईच्या आत इतकी वर्षं साचलेलं होतं, ते सगळं एकदम वर आलं. "घर मी फोडलं? मी नुसती काच काढली, आणि परत बसवली. घर फोडलंस ते तू! माझी आई नेलीस, माझा भाऊ नेलास!"

  भावजयीचे डोळे भरून आले आणि ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. धाकट्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्यानं साहेबाकडे हात पुढं केला. "द्या. कुठं सही करायची?"

संध्याकाळी शेजारचा इस्त्रीवाला जामीन राहिला म्हणून काचताई घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा ठाण्यात हजर. रात्रभर झोपला नव्हता. तक्रार मागं घेतो म्हणाला. साहेब म्हणाला, "ती काय भाजी आहे, आवडली नाही म्हणून परत द्यायला? घरफोडीचा गुन्हा नोंदवलाय. आता हा खटला तुमचा नाही, सरकारचा. सरकार विरुद्ध तुमची बहीण."

सरकारनं दिलेल्या वकीलबाई तरुण होत्या, सदा घाईत, स्कूटरचं हेल्मेट काखेत मारूनच बोलायच्या. त्यांनी कागद वाचले आणि काचताईला खरं काय ते सांगितलं. "फोडलं काहीच नाही, हे तुमचं म्हणणं मला कळतं. पण कायद्यात फोडावंच लागतं असं नाही. जिथून माणसानं यायचं नसतं तिथून चोरीच्या इराद्यानं आत शिरलं, की झाली घरफोडी."

"तुरुंग होईल?"

"होऊ शकतो. वर्षांच्या हिशेबात होऊ शकतो. तुमच्याकडे हत्यारं होती, काच सफाईनं काढली, ठसे पुसले. कागदावर तुम्ही अट्टल दिसता."

"ठसे नाही पुसले. काच पुसली."

"तेच ते." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "पण हा पहिलाच गुन्हा आहे. वस्तू परत मिळालीय. तुमचं वय, दुकान, लोकांत असलेलं नाव, हे सगळं न्यायाधीश बघतात. हमीवर सोडू शकतात, थोडक्यात भागवू शकतात. सोडतीलच असं मात्र मी म्हणणार नाही."

त्यानंतरचे दिवस काचताईनं एका चमत्कारिक अवस्थेत काढले. दुकानात बसलेली असायची, पण तुरुंगातून दुकानाकडे बघतेय असं तिला वाटायचं. अर्धवट कामं तिनं भराभर उरकून टाकली. नवीन घेतली नाहीत. दुपारी काचेच्या उभ्या थप्प्यांच्या कडांवर ऊन पडलं की त्या हिरव्या दिसायच्या, तळ्याच्या पाण्यासारख्या. ते तिनं आयुष्यभर पाहिलं होतं आणि कधीच थांबून बघितलं नव्हतं. आता ती हातातलं काम ठेवून बघत बसायची. तिकडे काच नसेल, ती मनात म्हणायची. आरसाही नसेल. पण मग असंही वाटायचं, की इथं तरी आपल्यावाचून कुणाचं अडलंय? कोण वाट बघणार आहे? तुरुंगात भेटायला यायचा वार तरी ठरलेला असतो म्हणे.

एक दिवस वकीलबाई हेल्मेट न काढताच दुकानात शिरल्या. "तुमचा भाऊ भेटून गेला. तो साक्ष द्यायला तयार आहे की आईनं मरायच्या आधी खुर्ची तुम्हाला दिली होती. 'ही खुर्ची ताईची,' असं त्या त्याच्यादेखत म्हणाल्या. असं असेल तर तुम्ही आपलीच वस्तू आणलीत. चोरीच उरत नाही. मग सगळा खटलाच लंगडा पडतो."

काचताईचा हात काचेवरच थांबला. "आई असं म्हणाली?"

"तो तसं सांगतोय."

त्या दिवसापासून काचताईची चालच बदलली. इस्त्रीवाल्यानं विचारलंही, "काय ताई, सुटलात की काय?" सुटण्याचं तिच्या डोक्यातही नव्हतं. ही खुर्ची ताईची. कधी म्हणाली असेल? सकाळी की संध्याकाळी? आजारपणात, की सहज, कुठल्यातरी बोलण्याच्या ओघात? तुरुंगाचं भय बाजूलाच पडलं. स्वयंपाक करताना, काच मोजताना, झोप येईपर्यंत ती ते वाक्य आईच्या आवाजात लावून बघायची. कधी ते नीट लागायचं. कधी आवाज आईचा आणि शब्द दुसऱ्याच कुणाचे, असं व्हायचं.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तिघं एकाच बाकावर बसली होती, कारण दुसरा बाकच नव्हता. एका टोकाला काचताई, मध्ये धाकटा, दुसऱ्या टोकाला भावजय. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. शेवटी काचताईनंच विचारलं. "आई कधी म्हणाली रे?"

"काय?"

"खुर्चीचं."

धाकट्यानं घसा खाकरला. "अशीच एकदा. जायच्या थोडे दिवस आधी."

"म्हणजे कशी? काय शब्द होते?"

"ताई, आता शब्द कसे आठवणार?"

"आईचे शब्द आठवत नाहीत तुला? ती काय रोज उठून माझं नाव काढायची?"

धाकटा बुटांच्या टोकांकडे बघत राहिला. लहानपणी दप्तर हरवून आला की असाच बघायचा. काचताईला तेव्हाच कळलं. तरी ती वाट बघत राहिली, तो काहीतरी बोलेल म्हणून.

"सांगून टाका," दुसऱ्या टोकावरून भावजय हळूच म्हणाली. तो काही बोलेना तशी तीच म्हणाली, "आई तसं म्हणाल्या नव्हत्या, वन्सं. यांना तुम्हाला सोडवायचंय. सही केल्यापासून यांच्या जिवाला चैन नाही. मी म्हटलं, काय सांगायचं ते कोर्टात सांगा, पण वन्संना फसवू नका."

काचताईनं मान हलवली. "बरं झालं सांगितलंस." तिचा आवाज साधाच निघाला, पण हातातल्या रुमालाची तिनं पार सुरळी करून टाकली होती.

 मग भावजय समोरच्या भिंतीकडे बघत, जणू तिच्याशीच बोलतेय असं म्हणाली, "रविवारी आई सकाळपासून माझ्यामागं लागायच्या. खुर्ची रस्त्याकडे कर. एरवी मागच्या खिडकीशी बसायच्या, मुलं खेळताना दिसायची म्हणून. रविवारी मात्र रस्त्याच्या खिडकीशी. मी म्हणायची, अहो, वन्सं दुपारी येणार, आत्तापासून कशाला? तर म्हणायच्या, बस लवकर मिळाली तर? तुम्ही फाटकातून आत आलात की मला म्हणायच्या, आता बोलू नकोस, ती आली. आणि तुम्ही गेलात की अंधार पडेपर्यंत खुर्ची फिरवू द्यायच्या नाहीत. मला राग यायचा खरं सांगायचं तर. मी दिवसभर करायची त्यांचं, आणि डोळे सगळे रस्त्याकडे."

"मला कधी बोलली नाही," काचताई म्हणाली.

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

 भावजयीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि स्वतः पिऊन झाकण लावायला लागली. काचताईनं धाकट्याच्या पलीकडे हात लांब केला. "मलाही दे जरा."

वकीलबाई धावत आल्या तेव्हा काचताई उभी राहिली आणि म्हणाली, "भावाची साक्ष नको. मी गुन्हा कबूल करते."

"अहो, तुम्हाला कळतंय का काय बोलताय? सरळ तुरुंगात जाल!"

"जाईन. पण आईच्या तोंडी तिनं न म्हटलेलं घालायचं नाही. तिला म्हणायचं असतं तर ती म्हणाली असती."

धाकटा मध्ये काहीतरी बोलायला गेला. भावजयीनं त्याच्या दंडावर हात ठेवून त्याला थांबवलं.

कबुलीसाठी पुढची तारीख पडली. त्या दिवशी काचताई एक पिशवी घेऊनच कोर्टात आली. पिशवीत टॉवेल, कपड्यांचा जोड, दात घासायचा ब्रश आणि चष्म्याचं घर. दुकानाची किल्ली इस्त्रीवाल्याकडे दिली होती. सरकारी वकिलांनी गुन्ह्याचं वर्णन असं काही रंगवलं की तिलाच वाटलं, ही कोण बाई, हिला सोडून चालणार नाही. न्यायाधीश वयस्कर होते, हळू आवाजात बोलायचे. कागदावरून डोळे वर न करता त्यांनी विचारलं, "तावदान परत का बसवलंत?"

"पाऊस आला असता तर घरात पाणी गेलं असतं, साहेब."

"आणि पुसलंत का?"

"पुसायचीच असते. काचेवर हाताचे डाग ठेवून गेलं तर गिऱ्हाईक नावं ठेवतं."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी डोळे वर केले आणि तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या बाकावर बसलेल्या धाकट्याकडे आणि भावजयीकडे. "खुर्ची तुमची नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. आईची होती."

"आणि तुमच्या भावाला मागितली असती तर त्यानं दिली नसती?"

काचताई थांबली. हा प्रश्न तिला इतक्या महिन्यांत कुणी विचारला नव्हता. "दिली असती," ती म्हणाली. "पण मागावी लागली असती."

न्यायाधीशांनी बराच वेळ लिहिलं. मग वाचलं. गुन्हा सिद्ध. पहिला गुन्हा, कबुली, वय, मुद्देमाल परत मिळाला, या सगळ्याचा विचार करून शिक्षा: साधी कैद, कोर्ट उठेपर्यंत.

कैद एवढा एकच शब्द काचताईला नीट ऐकू आला. तिनं पिशवी उचलली आणि तुरुंगाची गाडी कुठं उभी असते असं शेजारच्या पोलिसाला विचारलं. पोलिसानं भिंतीकडेच्या बाकाकडे बोट दाखवलं. ती बसली. वकीलबाई वाकून तिच्या कानाशी म्हणाल्या, "गाडी वगैरे काही नाही. हीच शिक्षा. आजचं कोर्ट उठेपर्यंत इथंच बसायचं. साहेब उठले की तुम्ही सुटलात."

"आणि उद्या?"

"उद्या दुकान उघडा." वकीलबाईंनी तिचा खांदा दाबला आणि हेल्मेट उचलून त्या दुसऱ्या कोर्टात पळाल्या.

थोड्या वेळानं धाकटा उठला आणि बाकावर तिच्या शेजारी येऊन बसला. पोलिसानं भुवया उंचावल्या, पण त्याला उठवलं नाही. मग भावजयही आली. ती दुसऱ्या बाजूला बसली, आणि काचताई दोघांच्या मध्ये आली.

"तू ऑफिसला जा," काचताई कुजबुजली.

"रजा टाकलीय."

"कशाला?"

"तुला घेऊन गेले असते तर गाडीमागं जायला."

समोर दुसरे खटले चालू होते. घरमालक आणि भाडेकरू एकमेकांचे वाभाडे काढत होते. एका माणसाची सायकल दुसऱ्याच्या घरात सापडली होती आणि दोघंही ती आपलीच म्हणत होते. धाकटा तिच्या कानाशी हळूच काहीतरी पुटपुटायचा आणि ती हसू दाबायची. एकदा दोघांना हसू आवरेना, तेव्हा शिपायानं असं डोळे वटारून पाहिलं की भावजयीनं दोघांना एकेक पेपरमिंटची गोळी देऊन गप्प केलं. दुपारनंतर धाकट्याचे डोळे जड झाले. मान डुलायला लागली आणि बघता बघता त्याचं डोकं ताईच्या खांद्यावर आलं. त्याचे केस विरळ झालेत, हे तिनं आज पहिल्यांदाच पाहिलं. ती जराही हलली नाही. खांद्याला मुंग्या आल्या तरी हलली नाही.

उन्हाचा पट्टा भिंतीवर वर वर सरकत होता. काचताई घड्याळाकडे बघायला लागली. शेवटचा खटला पुकारला, पण त्यातले वकील हजर नव्हते. न्यायाधीश फाइल मिटवायला लागले तशी ती अस्वस्थ झाली. एवढ्या मोठ्या कोर्टात त्या वकिलाच्या येण्याची तिच्याइतकी कळकळीनं दुसरं कुणी वाट बघत नसेल. येऊ दे, ती मनात म्हणत होती. येऊ दे, आणि लांब भाषण करू दे. अजून थोडा वेळ.

वकील आलाच नाही. न्यायाधीश उठले. सगळे उभे राहिले. धाकटा दचकून जागा झाला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "झालं?"

"झालं."

जिन्यावरून उतरताना त्यानं सांगितलं की खुर्ची मुद्देमालाच्या कोठीतून सोडवली की तो स्वतः दुकानावर आणून देईल. ती बरं म्हणाली. तसं त्यानं पुढं केलंही. खुर्चीचा एक पाय कोठीतच पिचला होता, आणि तो दुरुस्त करायच्या निमित्तानं धाकटा सबंध दुपार दुकानात थांबला. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी तिघं चालत बसथांब्यावर आली. दोन्हीकडच्या बसगाड्या तिथूनच सुटायच्या, वेगवेगळ्या दिशांना.

भावाच्या घराकडे जाणारी बस आली. धाकटा चढला नाही. "गर्दी आहे," तो म्हणाला. बस जवळजवळ रिकामी होती. मग काचताईची बस आली, आणि ती म्हणाली, "पुढची घेते."  दिवे लागत होते. भावजयीनं थोडा वेळ जाऊ दिला आणि मग म्हणाली, "मुलं शेजारी आहेत सकाळपासून. निघायला हवं."

"हो, निघा," काचताई म्हणाली. "जा आता."

पुढच्या बसमध्ये दोघं चढली. भावजयीनं खिडकीजवळची जागा धाकट्याला दिली. बस सुरू झाली तसा तो काचेतून तिच्याकडे बघून काहीतरी बोलला. इंजिनाचा आवाज मोठा होता, काच बंद होती. तो काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. तरी तिनं मान हलवली, हो म्हणून, आणि बस वळणापार जाईपर्यंत हलवत राहिली.